गावच्या शाळेच्या समायोजनाचा प्रस्ताव आला तर: शाळा व्यवस्थापन समितीने पायरीपायरीने काय करावे

गावची शाळा दुसऱ्या शाळेत समायोजित करण्याचा विचार सुरू होतो तेव्हा त्याची पहिली खूण 'शाळा बंद' अशा शब्दांत दिसत नाही. आधी केंद्रप्रमुखांकडून, म्हणजे परिसरातील काही शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडून, मुख्याध्यापकांना निरोप येतो, की कमी पटाच्या शाळांची माहिती विहित नमुन्यात उद्या दुपारपर्यंत पाठवावी. त्या नमुन्यात पट, शिक्षकांची संख्या, जवळच्या शाळेचे नाव आणि तिच्यापर्यंतचे अंतर असे रकाने असतात. मुख्याध्यापक वर्ग सांभाळता सांभाळता ते भरून देतात, गावाला त्याचा पत्ताही नसतो, आणि पुढे निर्णय होतो तो त्याच चार रकान्यांच्या आधारावर. मी अनेक वर्षे केंद्रप्रमुख म्हणून काम केले आणि असे तक्ते स्वतः गोळा करून पुढे पाठवले आहेत. त्या अनुभवातून, आणि शिक्षण हक्क कायद्यातील तरतुदी समोर ठेवून, जिल्हा परिषद शाळांच्या शाळा व्यवस्थापन समित्या, ग्रामपंचायत सदस्य आणि पालक यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

प्रश्न किती मोठा आहे हे आधी पाहू. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून तेथील मुले जवळच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय राज्यात झाला होता. त्यानंतर २१ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा असून त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक आहेत, अशी आकडेवारी त्या वेळी पुढे आली. म्हणजे सरासरीने एका शाळेत बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. प्रशासनाला या आकड्यांत खर्च दिसतो, आणि तो दिसणे चूक नाही. मात्र या शाळा चुकून निर्माण झालेल्या नाहीत. वाडी, पाडा, तांडा, धनगरवस्ती अशा ठिकाणची सहा वर्षांची मुले मोठ्या गावापर्यंत चालत जाऊ शकत नव्हती, म्हणून शाळा त्यांच्यापर्यंत नेण्याचे धोरण राज्याने जाणीवपूर्वक स्वीकारले. वस्तीशाळा त्याच विचारातून निघाल्या आणि पुढे त्यांचे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झाले.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. चार इयत्तांत मिळून पाच मुले असलेल्या शाळेत खो-खोचा डाव मांडता येत नाही, दुसरीतल्या एकट्या मुलीला सोबत वाचायला वर्गमैत्रीण नसते, आणि एकशिक्षकी शाळेतील गुरुजी मासिक बैठकीला गेले की त्या दिवशी शाळा बंद राहते. म्हणून समायोजनाला सरसकट विरोध करावा असे मी म्हणणार नाही. निर्णय मुलाच्या वाटेवरून आणि त्याला प्रत्यक्ष मिळणाऱ्या शिक्षकावरून व्हावा, आणि नव्या शाळेतील व्यवस्था उभी राहिल्याशिवाय जुनी शाळा बंद होऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे.

पहिली पायरी: प्रस्ताव नेमका कशाचा आहे ते कागदावर पाहणे

बोलताना 'समायोजन', 'विलीनीकरण', 'समूह शाळा' आणि 'शाळा संकुल' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु त्यांचे परिणाम अगदी वेगवेगळे आहेत. समायोजनात कमी पटाच्या शाळेतील मुले आणि शिक्षक जवळच्या अस्तित्वात असलेल्या शाळेत जातात आणि मूळ शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतील शाळेचा ओळख क्रमांक, बंद होतो. समूह शाळेत अनेक लहान शाळा मिळून एक मोठी, अधिक सुविधांची शाळा उभी राहते आणि मुलांना तेथे वाहनाने आणले जाते किंवा निवासी ठेवले जाते. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ ही यासाठी नेहमी दिली जाणारी दोन उदाहरणे आहेत. शाळा संकुलात मात्र कोणतीच शाळा बंद होत नाही. शाळा आपापल्या जागी राहतात आणि शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडासाहित्य यांचा वापर एकत्रितपणे करतात. ही कल्पना कोठारी आयोगाने (१९६४–६६) मांडली होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ती पुन्हा पुढे आणताना एक माध्यमिक शाळा आणि तिच्या पाच ते दहा किलोमीटर परिसरातील अंगणवाड्यांसह सर्व खालच्या वर्गांच्या शाळा असे संकुलाचे चित्र रेखाटले आहे. शाळांचे एकत्रीकरण अतिशय विचारपूर्वक आणि मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचण्यावर परिणाम होणार नाही याची खात्री झाली तरच करावे, असेही हेच धोरण सांगते. एकत्रीकरणाच्या समर्थनार्थ धोरणाचा दाखला देणाऱ्यांना त्यातील हे वाक्य आवर्जून वाचून दाखवावे.

तेव्हा मुख्याध्यापकांकडे, आणि गरज पडल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, प्रस्तावाची प्रत लेखी मागावी. प्रत मिळाली नाही तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ अन्वये दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे अर्ज करावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. शाळेबाबत पाठवलेल्या माहितीच्या तक्त्याची छायाप्रतही त्याच अर्जात मागावी, कारण त्यातील अंतराचा रकाना पुढे सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

दुसरी पायरी: आजच्या पटाबरोबर येणारा पटही मोजणे

शाळेचा पट ३० सप्टेंबर या संदर्भ दिनांकावर धरला जातो आणि त्यावरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर आहेत हे ठरते. एखाद्या मुलाचे आधार जुळत नसेल तर ते वर्गात रोज बसत असूनही गणतीबाहेर राहू शकते. म्हणून ऑगस्टमध्येच प्रत्येक मुलाची ऑनलाइन नोंद तपासून घ्यावी. अठराच्या पटात दोन नोंदी अडकल्या तर कागदावर सोळाच मुले दिसतात.

त्यानंतर पुढील पाच वर्षांचा अंदाज काढावा. अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत शून्य ते सहा वयोगटातील प्रत्येक बालकाची जन्मतारीख असते. तिच्याबरोबर बसून कोणत्या वर्षी किती मुले पहिलीला दाखलपात्र होतील याची नावानिशी यादी तयार करावी. शाळा विकास आराखडा तयार करणे हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार समितीचेच काम आहे, आणि त्यात इयत्तावार पटाचा अंदाज असणे अपेक्षित असते. बहुतेक ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापक एकटेच भरतात आणि समितीचे सदस्य फक्त सही करतात. ही सवय आता सोडावी.

पट कमी का झाला याचे कारणही लिहून ठेवावे, कारण उपाय कारणावर अवलंबून असतो. जन्मच कमी असतील तर फारसे काही करता येत नाही. मुले सकाळी पिवळ्या गाडीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जात असतील, तर त्या पालकांच्या घरी जाऊन त्यांना काय खटकते ते विचारणे शक्य आहे, आणि अनेकदा उत्तर 'गुरुजी एकच आहेत' असे साधे असते. बीड, अहिल्यानगर किंवा जळगाव जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांच्या गावांत दिवाळीनंतर वर्ग ओस पडतात आणि पाडव्याच्या सुमारास पुन्हा भरतात. तेथे हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवून आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांची सोय केली, तर हजेरी टिकते. हंगामात केलेल्या भेटीवरून अशा शाळेला 'कमी उपस्थितीची शाळा' असा शेरा मिळाला असेल, तर तो समितीने लेखी खोडून काढावा.

तिसरी पायरी: वाट मुलाबरोबर चालून मोजणे

साऱ्या कामातील ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

महाराष्ट्राच्या २०११ च्या शिक्षण हक्क नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत, चालत जाण्याच्या अंतरावर असावी लागते. शाळा उघडण्यासाठी त्या टापूत किमान २० मुले उपलब्ध असावीत अशी अटही त्याच नियमांत आहे, आणि प्रशासन बहुधा याच अटीवर बोट ठेवते. त्यावर समितीने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी, की ती अट नवी शाळा स्थापन करण्यासंबंधी आहे. दुसरी अशी, की शाळेची सोय नसलेल्या लहान वस्त्यांतील मुलांसाठी मोफत वाहतूक, निवास किंवा तत्सम पर्यायी व्यवस्था करण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर राहते. मुले कमी आहेत म्हणून त्यांचा हक्क संपत नाही.

अंतर 'चालत जाण्याचे' आहे, या शब्दांवर नीट थांबावे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका तालुक्यात असताना एका वाडीचे अंतर मी स्वतः ९०० मीटर लिहून पाठवले होते, कारण मोबाइलवरील नकाशात तेवढेच दिसत होते. पुढे जुलैमध्ये दुसरीत शिकणाऱ्या एका मुलीबरोबर मी तीच वाट चाललो. सरळ रेषेत मध्ये ओढा होता, त्यामुळे बांधाबांधाने वळसा घेऊन खालच्या साकवापर्यंत जावे लागत होते, आणि मोजले तेव्हा अंतर दीड किलोमीटरच्या वर भरले. चिखलात रुतलेली चप्पल तिने दोनदा हातात घेतली, साकवाची एक फळी निघाली होती तेथे मला हात धरायला सांगितला, आणि शाळेत पोहोचेपर्यंत पाऊण तास झाला. दप्तराच्या तळाशी ठेवलेल्या वह्या ओल्या झाल्या होत्या. त्या दिवशी मी दुरुस्त तक्ता पाठवला, पण तो आधी एकदा चुकीचा गेला होता आणि त्याची मला आजही खंत आहे.

समितीने वाट मोजताना पुढीलप्रमाणे करावे. घरापासून, म्हणजे वस्तीतील सर्वांत लांबच्या घरापासून, नव्या शाळेच्या दारापर्यंत पहिली-दुसरीतील एका मुलाला आणि त्याच्या पालकांना सोबत घेऊन चालावे. मोबाइलवर चालण्याची नोंद ठेवावी आणि निघण्याची व पोहोचण्याची वेळ लिहावी. ओढा, वहाळ, कालवा, राज्यमार्ग, रेल्वेरूळ, धरणाचा फुगवटा, बिबट्याचा वावर असलेला उसाचा पट्टा किंवा रान, जे काही मध्ये येते त्याचे छायाचित्र तारखेसह घ्यावे. हीच मोजणी एकदा पावसाळ्यात करावी, कारण मे महिन्यात कोरडा ठणठणीत असलेला ओढा जुलैमध्ये दोन-दोन दिवस उतार देत नाही. परतीची वेळही पाहावी, कारण डिसेंबरात पाच वाजता सुटलेले मूल डोंगराच्या सावलीत घरी पोहोचते तेव्हा अंधारून आलेले असते. शेवटी केंद्रप्रमुखांना विनंती करून त्यांच्यासमक्ष एकदा मोजणी करून घ्यावी आणि पंचनाम्यासारखी सर्वांच्या सहीची नोंद ठेवावी. अधिकारी स्वतः चालले असतील, तर पुढचा अर्धा वाद आपोआप मिटतो.

चौथी पायरी: मुले ज्या शाळेत जाणार तिची तपासणी

एकत्रीकरणाचे मुख्य कारण असे सांगितले जाते, की मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळेल. हे खरे ठरते की नाही, ते गणित मांडून पाहावे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार आणि १२१ ते २०० मुलांना पाच शिक्षक मिळतात.

समजा, तुमच्या वाडीच्या शाळेत १४ मुले आणि दोन शिक्षक आहेत, आणि मोठ्या गावातील शाळेत ४४ मुले आणि दोन शिक्षक आहेत. आज ५८ मुलांना चार शिक्षक शिकवतात. एकत्र केल्यावर पट ५८ होतो, म्हणजे साठच्या आतच राहतो, आणि मंजूर शिक्षक दोनच उरतात. उरलेले दोघे अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातात. वाडीतील मुलांना चालण्याचे अंतर मिळाले, मोठ्या गावातील मुलांच्या वर्गात गर्दी वाढली, आणि पाच इयत्ता दोन शिक्षकांतच राहिल्या. पाच इयत्तांना पाच शिक्षक हवे असतील, तर एकत्रित पट १२१ पर्यंत जायला हवा. विरळ वस्तीच्या डोंगरी तालुक्यात तेवढी मुले जमवायची तर आठ-दहा वाड्या एकत्र कराव्या लागतात. हे गणित समितीने आपल्या आकड्यांसह एका कागदावर मांडून बैठकीत फळ्यावर लिहावे. मी अनेक बैठकांत पाहिले आहे, की भाषणाने जे पटत नाही ते अशा चार ओळींनी पटते. संचमान्यतेचे निकष शासन निर्णयाने बदलत असतात (१५ मार्च २०२४ चा निर्णय त्यांपैकी एक), म्हणून आकडेमोड करण्यापूर्वी त्या वर्षी लागू असलेला तक्ता मुख्याध्यापकांकडून घ्यावा.

सहावी ते आठवीचे चित्र मात्र निराळे आहे, आणि येथे माझे मत एकत्रीकरणाच्या बाजूने झुकते. या वर्गांना गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांसाठी स्वतंत्र शिक्षक असणे कायद्याला अपेक्षित आहे. सातवीत तीन मुले असलेल्या शाळेत असे तीन शिक्षक कधीच मिळत नाहीत आणि एकच शिक्षक बीजगणितापासून इतिहासापर्यंत सारे ओढून नेतो. अकरा-बारा वर्षांचे मूल तीन किलोमीटर जाऊ शकते, सायकल चालवू शकते आणि त्याला बरोबरीच्या सोबत्यांची गरजही जास्त असते. म्हणून लहान मुलांचे वर्ग वाडीत आणि मोठ्यांचे केंद्रशाळेत, असा अर्धा प्रस्ताव समितीने स्वतःच पुढे ठेवला, तर तो बहुधा सर्वांनाच मान्य होतो.

शाळेची प्रत्यक्ष पाहणी करताना खोल्या किती वापरण्याजोग्या आहेत, मुलींचे स्वच्छतागृह चालू आहे की कुलूपबंद, पाणी बारा महिने असते काय, दिव्यांग मुलासाठी उतरण आहे काय, स्वयंपाकघरात वाढीव मुलांचे भांडे आणि शेगडी पुरेल काय, एवढे पाहावे. आणखी एक गोष्ट हलक्या आवाजात पण जरूर विचारावी: त्या गावात आपल्या पाड्यावरील किंवा तांड्यावरील मुलांना कसे वागवले जाते. भिल्ली, गोंडी, कोरकू किंवा गोरमाटी बोलणाऱ्या पहिलीच्या मुलाला घरची भाषा समजणारे कोणीही तेथे नसेल, तर ते मूल काही आठवड्यांतच शाळेत जायला नकार देते. हे कोणत्याही तक्त्यात येत नाही.

पाचवी पायरी: वाहनाचा हिशेब

'मुलांना वाहन देऊ' हे आश्वासन ऐकायला चांगले वाटते, पण त्यामागचा हिशेब मागावा. समग्र शिक्षा योजनेत वाहतूक भत्त्याची मर्यादा एका मुलामागे वर्षाला ६,००० रुपये आहे. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी लागते, म्हणजे एका मुलामागे दिवसाला जाऊन-येऊन ३० रुपये झाले. वाडीतील आठ मुलांचे मिळून २४० रुपये होतात. तेवढ्या पैशांत सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला, पावसातही, कच्च्या रस्त्याने कोणता जीपवाला नियमित येईल हे स्थानिक वाहनचालकालाच विचारावे आणि त्याचे उत्तर लिहून घ्यावे. शिवाय भत्ता पालकांच्या किंवा मुलाच्या खात्यावर उशिराने जमा होणे आणि वाहन दाराशी उभे राहणे यांत फरक आहे. मजुरीवर जाणाऱ्या आईला मार्चमध्ये मिळणारे पैसे जूनमध्ये उपयोगी पडत नाहीत.

म्हणून वाहन कोण पुरवणार, ठेका कोणाच्या नावावर असणार, वाहन बंद पडले तर त्या दिवशी काय, लहान मुलांसोबत मदतनीस महिला असणार काय, वाहनाचा विमा आणि योग्यता प्रमाणपत्र कोण तपासणार, आणि पैसे थकले तरी वाहन चालू ठेवण्याची जबाबदारी कोणाची, या सहा प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. शाळेतून लवकर घरी जावे लागणाऱ्या आजारी मुलाची सोय कशी होणार, हा सातवा प्रश्न बहुतेक जण विसरतात.

सहावी पायरी: बैठक, ठराव आणि पोच

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. समितीची विशेष बैठक बोलावून वरील सर्व कागद तिच्यासमोर ठेवावेत आणि इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सह्या घ्याव्यात. बैठकीत मातांना आधी बोलू द्यावे, कारण वाटेवरची भीती त्यांनाच नेमकी ठाऊक असते. त्यानंतर ग्रामसभेत विषय घ्यावा. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याखालील (आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याखालील) गाव असेल, तर त्या पाड्याच्या स्वतंत्र ग्रामसभेचा ठराव करावा, केवळ गट ग्रामपंचायतीच्या ठरावावर थांबू नये.

ठराव भावनिक नसावा. त्याची भाषा साधारण अशी ठेवता येईल:

"आमच्या शाळेत आज रोजी … विद्यार्थी दाखल असून येत्या तीन वर्षांत … बालके दाखलपात्र होत आहेत (नावांची यादी सोबत जोडली आहे). प्रस्तावित शाळेपर्यंत पायवाटेने प्रत्यक्ष मोजलेले अंतर … मीटर असून जून ते सप्टेंबर या काळात ओढ्यामुळे वाट वारंवार बंद राहते (मोजणीची नोंद व छायाचित्रे सोबत). सबब पहिली ते पाचवीचे वर्ग गावातच चालू ठेवावेत. पाचवीपुढील विद्यार्थ्यांना केंद्रशाळेत पाठवण्यास पालकांची संमती आहे, मात्र वाहनव्यवस्था प्रत्यक्ष सुरू होऊन एक सत्र सुरळीत चालल्याशिवाय पाचवीपुढील वर्ग बंद करू नयेत, असे सर्वानुमते ठरले."

खाली सूचक, अनुमोदक आणि सह्या. हा ठराव गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी या तिघांना द्यावा आणि प्रत्येक कार्यालयात आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच नसलेला कागद दिलाच नाही असे समजले जाते.

सातवी पायरी: ऐकले गेले नाही तर

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार मुलाच्या शिक्षणहक्काबाबत कोणतीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते, आणि संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय देणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. निर्णय मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. या मार्गाला वकील लागत नाही.

लोकशाही मार्गाने आवाज उठवण्याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची मुले २०२२ मध्ये 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' म्हणत शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेवर गेली तेव्हा त्यांच्या शाळेचा प्रश्न राज्यभर पोहोचला. न्यायालयाचा मार्ग मात्र शेवटचा समजावा. ओडिशा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्या राज्याची शाळा विलीनीकरणाची अधिसूचना रद्द केली, तर उत्तर प्रदेशात जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने शाळा जोडण्याचा आदेश वैध ठरवला. निकाल दोन्ही बाजूंनी लागू शकतो, आणि तेथेही शेवटी मोजणीची नोंद, नावांची यादी आणि पोच घेतलेले ठराव हेच कागद उपयोगी पडतात.

आठवी पायरी: समायोजन मान्य केले असेल तर

कधी कधी सर्व तपासणीनंतर समायोजन योग्यच ठरते. दोन्ही शाळा एकाच डांबरी रस्त्यावर अर्ध्या किलोमीटरवर असतील आणि वाडीत चारच मुले उरली असतील, तर त्यांना अडवून धरणे त्यांच्याच हिताचे नाही. अशा वेळी काम संपत नाही, बदलते.

बदल शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच व्हावा, मध्येच नको. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी दोन-तीन शनिवारी मुलांना नव्या शाळेत न्यावे, तेथील मुलांबरोबर खेळू द्यावे आणि एकदा एकत्र खिचडी खाऊ द्यावी. जुन्या शाळेतील एक शिक्षक किमान पहिले वर्ष मुलांबरोबर नव्या शाळेत राहावा असा आग्रह धरावा, कारण लहान मुलांसाठी ओळखीचा चेहरा हीच खरी सोय असते. जनरल रजिस्टर अर्थात दाखलखारीज नोंदवही कोणत्या शाळेत जमा झाली याची लेखी नोंद घ्यावी. तीस वर्षांपूर्वी शिकलेल्या माणसाला जातीच्या दाखल्यासाठी किंवा जन्मतारखेच्या पुराव्यासाठी तीच नोंदवही लागते, आणि ती गहाळ झाल्यामुळे हेलपाटे घालणारी माणसे मी पाहिली आहेत. नव्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत वाडीतील पालकांना जागा मिळावी. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचे काम जाणार असेल, तर नव्या शाळेतील वाढीव पटावर त्यांचा विचार व्हावा, असे पत्र द्यावे. रिकाम्या इमारतीचे काय करायचे, अंगणवाडी, वाचनालय की संध्याकाळचा अभ्यासवर्ग, हे ग्रामसभेनेच ठरवावे. वापर नसलेल्या खोलीचे छप्पर दोन पावसाळ्यांत बसते आणि मग निर्लेखनाशिवाय, म्हणजे इमारत निकामी ठरवून पाडण्याशिवाय, मार्ग उरत नाही.

यानंतर सर्वांत चिवटपणे करायचे काम म्हणजे हजेरी पाहणे. जुन्या शाळेच्या शेवटच्या हजेरीपटाची प्रत समितीच्या एका सदस्याने स्वतःकडे ठेवावी आणि जून ते ऑगस्ट या काळात दर शनिवारी नव्या शाळेच्या हजेरीशी नावानिशी ताडून पाहावी. बेरीज जुळली म्हणून समाधान मानू नये, एकेक नाव पाहावे, विशेषतः चौथी-पाचवीतील मुलींचे. एखादे नाव सलग तीन दिवस दिसले नाही तर चौथ्या दिवशी त्या घरी जावे. मूल आजारी आहे, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिले आहे, गाडी येत नाही, की वाटेत कोणी त्रास देते, हे तेथेच उंबऱ्यावर बसून विचारून घ्यावे. गाडीचा प्रश्न असेल तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवावे, आणि मूल शाळेतून सुटत चालले आहे असे दिसले तर केंद्रातील बालरक्षक शिक्षकाला (शाळाबाह्य मुलांना परत शाळेत आणण्याचे काम करणाऱ्या शिक्षकाला) नाव, वय आणि पत्ता देऊन त्याची पोच घ्यावी.